रहीमचाचांनी पोरांना दिलेलं झाड

शेंदूरजनाघाटच्या एका संत्राबागेत अब्दुल रहीम राखणदार होते. नाटकं सोडून मी गावी परतलो, तेव्हा माझा उरलेला प्रेक्षक म्हणजे ते एकटे. माझी जुनी स्वगतं ते मन लावून ऐकत, नजर मात्र झाडांवर ठेवून. २००५च्या आसपासची ती वर्षं. विहिरी आटलेल्या, निम्मी बाग वाळलेली. उरलेल्या झाडांचा सौदा व्यापारी खुशालरावांनी फळ हिरवं असतानाच केला होता.

त्या फळांवर डोळा दोघांचा: नाल्यावरच्या वानरांचा आणि वस्तीतल्या पोरांचा. चाचांनी दोघांनाही थांबायला शिकवलं. रोज दुपारी ते गळालेली संत्री बांधावर ठेवत. वानरांची टोळी आधीच येऊन बसलेली असे. एखादं पिल्लू पुढे सरकलं, की म्हातारी वानरीण त्याला शेपटीला धरून मागे ओढी. पोरांना त्यांनी कोपऱ्यातलं एक झाडच दिलं. दिवाळीपर्यंत एकही हिरवं फळ तोडलं नाही, तर सगळं झाड तुमचं, आपल्या हातानं तोडायचं.

मग चाचा तापानं पडले. दोन दुपारी बांध रिकामा राहिला आणि तिसऱ्या दुपारी वानरांनी दोन झाडं ओरबाडली. पोरांचं झाड जसंच्या तसं होतं. पोरं झाडाकडे पाठ करून बसत, मोठ्यानं पाढे म्हणत, आणि वळून बघेल त्याला बाद करत. चाचांनी हे मला सांगितलं तेव्हा माझ्या एकाही स्वगताला न आलेलं पाणी त्यांच्या डोळ्यांत होतं.

तोडीच्या दिवशी चाचांची चूक उघडी पडली. ते झाडही सौद्यातच होतं. त्यांनी कुणाला विचारलंच नव्हतं. मजूर शिडी लावणार, तोच चाचा झाडाखाली जाऊन उभे राहिले.

खुशालराव हसले. "चार संत्री देऊन टाका न पोट्ट्यांले, रहीमभाऊ. त्यांले काय समजते?"

"दोन दिवस माल नाही दिसला, तं वान्नेरं घुसले," चाचा म्हणाले. "हे पोट्टे दोन महिने बसले, ते माह्या जबानीवर. आता उद्या कोनी थांबा म्हनलं, तं काहून थांबतीन ते?"

खुशालराव फुकट झाड सोडणारे नव्हते. शेवटी, हंगाम संपला की राखणदाराला मिळतात ती तीन कॅरेट संत्री चाचांनी झाडाच्या बदल्यात खुशालरावांच्या गाडीत चढवली. ती अकोल्याला, बाळंतीण मुलीकडे जायची होती.

"माही निखत वाट पाहून राहिली तिकडं," चाचांच्या पत्नी गुलनारचाची म्हणाल्या. "तिले काय सांगू?"

चाचांनी मजुरांची शिडी उचलून बाजूला ठेवली.

पोरं झाडाभोवती जमली, पण हात कुणीच घालेना. पाच वर्षांच्या नगमानं विचारलं, "अजून किती थांबाचं, चाचा?"

"आता नाही, बेटा."

तिचा हात पोचेना. रागानं बाजूला उभ्या असलेल्या गुलनारचाची पुढे आल्या आणि त्यांनी फांदी खाली वाकवून धरली.