महागूची तुला

भरवेलीच्या खाणीत मँगनीजच्या टोपल्या वाहून महागूचे खांदे असे भरले होते, की १९५६ साली फौजेत गेल्यावर साहेबाने त्याला थेट रग्बीच्या मैदानावर उभं केलं. लांबोळा चेंडू छातीशी धरून पळायचं. समोरच्यांनी अंगावर पडून आडवं करायचं. असला धसमुसळा खेळ बालाघाटात कुणी पाहिला होता? महागूचा मात्र त्यावर जीव जडला. पुढे कलकत्त्याला तो हिंदुस्थानच्या संघातून सिलोनशी खेळला. त्या दिवसाचा फोटो त्याने मोठ्या हौसेने आईला धाडला: अंगावर तिघे-चौघे, नाकातून रक्त, आणि हा पठ्ठ्या हसतोय!

आईला, जिजाबाईला, ते हसू दिसलंच नाही. बाकीची लेकरं मातीआड केलेली, हा एकटाच वाचलेला. ती रामपायलीच्या रामाला नवस बोलली. काय बोलली, ते कुणाला सांगितलं नाही.

मग सिलोनच्या दौऱ्यासाठी महागूची निवड झाली आणि सरावातच गुडघा मोडला. डॉक्टर म्हणाले, चालशील, पण खेळ विसर. फौजेनेही घरी पाठवलं. काठी टेकत तो दारात आला तेव्हा मनातून पार खचला होता.

नवा तांदूळ आल्यावर आई त्याला रामपायलीला घेऊन गेली. लेकाच्या वजनाइतके तांदूळ रामाला वाहायचे होते. देवळापुढे मोठा तराजू टांगला होता. दोघांनी धरून महागूला एका पारड्यात बसवलं. दुसऱ्यात आई तांदूळ ओतू लागली.

"मी जिता आलो म्हून का, माय?" त्याने हसत विचारलं.

"नाही रे. तुहा तो खेळ सुटावा म्हून. रामानं ऐकलं माह्यं!"

महागूला ओरडून सांगावंसं वाटलं, माय, तू माझं सगळंच मागून घेतलंस. पण पोटाला चिमटा घेऊन साठवलेले तांदूळ ती म्हातारी ओंजळी भरभरून ओतत होती, आणि तिचं तोंड आनंदाने फुललं होतं. रागवायचं तरी कुणावर? हाड मोडलं तेव्हा न रडलेला गडी त्या पारड्यात बसून ढसाढसा रडला.

जिजाबाईने लगबगीने येऊन पदराने त्याचे डोळे पुसले.

"रडू नको, माह्या लेका. आता तुले कोनी पाडनार नाही."