न उच्चारलेला प

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच — तिच्या लेखी मी घरातली पहिली पदवीधर, आणि शिकलेली माणसं असलं काही करत नाहीत. तुम्हाला सांगते.

वैशाली माझी मैत्रीण. ती घाटकोपरची, मी मुलुंडची. बीएस्सीनंतर दोघी एकाच फ्रेंचच्या क्लासला. औषधांच्या फ्रेंच कागदांचं भाषांतर करणाऱ्या एका ऑफिसात जागा निघाली. जागा एक, अर्ज दोघींचे. मुलाखतीत मोठ्याने वाचून दाखवायचं होतं.

क्लासच्या पायरीवर बसून आम्ही सराव करायचो. मुळात ग्रीक असलेले ते लांबलचक शब्द — ते तोडायचे आणि डब्याच्या झाकणावर एका तुकड्याला एक टिचकी. वैशालीची टिचकी कधी चुकायची नाही. माझी चुकायची. आणि मला ते — खोटं कशाला बोलू — खुपायचं.

एकच गोष्ट तिला ठाऊक नव्हती. इंग्रजीत सायकॉलॉजी, न्यूमोनिया अशा शब्दांच्या सुरुवातीचा प गिळतात. फ्रेंचमध्ये तो स्वच्छ म्हणतात. प्सि-को-लो-झी. प्नो-मो-नी. सरांनी हे शिकवलं त्या दिवशी ती आली नव्हती. मी होते.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिने झाकण पुढे ओढलं. "सि-को-लो-झी. नो-मो-नी. बरोबर ना गं? नीट ऐक हां, वाट लावशील माझी."

काय लागत होतं सांगायला? एक अक्षर!

"झकास," मी म्हणाले.

नोकरी मला लागली. तशीही लागली असती का? कुणास ठाऊक. तिला मुलाखत घेणाऱ्या बाईंनी पहिल्याच पानावर थँक्यू म्हणून उठवलं. "आपल्याला नाही जमत यार ही भाषा," ती हसत म्हणाली, आणि तिने फ्रेंच सोडलं. मला पेढे मागितले. मी दिले.

गेल्या रविवारी तिची मुलगी माझ्याकडे आली. अकरावीला फ्रेंच घेतलंय. "आई म्हणाली, मावशीला विचार, तिचं पक्कं आहे." आणि टेबलावर टिचक्या मारत वाचायला लागली — नो-मो-नी.

मी तिला प म्हणायला लावला. दोनदा, तीनदा. तिने मान वर केली.

"पण आईनेच मला असं शिकवलं. तिला कुणी सांगितलं?"

तोंडाशी आलं होतं हो. अगदी तोंडाशी.

"विसरली असेल गं ती," मी म्हणाले. "किती वर्षं झाली."

पोरगी खो-खो हसली. "थांब, घरी जाऊन चिडवतेच तिला."

मी तिला थांबवलं नाही.