विसावी टीसी

जून उजाडला की आम्ही बी.ए.ची मास्तर मंडळी अहमदपूर तालुक्यातली गावं पालथी घालतो. मोटारसायकलवर दोघं, डिकीत प्रवेशाचे फॉर्म. बायको म्हणते, "निघाले पोरी पाहायला." खोटं नाही. चहा होतो, पाऊसपाण्याच्या गप्पा होतात, मग मी भूगोलाचं गुणगान सुरू करतो.

पोरं आहेत कुठं पण? हुशार असलेली लातूरला नीटच्या क्लासला, नंबर न लागलेली पुन्हा लातूरलाच रिपीटरच्या बॅचला, उरलेली फार्मसीला. त्यामुळे आमच्या धंद्यात एक रीत पडली आहे. तोंडी होकारावर कुणी विसंबत नाही. शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे मूळ टीसी, हातात घ्यायची. टीसी आपल्याकडं, तर पोरगं आपलं. शेजारच्या कॉलेजचे मास्तरही हेच करतात, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

यंदा प्राचार्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "वीस भरले तर भूगोल चालेल. नाहीतर विषय बंद अन् तुम्ही अतिरिक्त." अतिरिक्त म्हणजे मला कुठं पाठवतील त्याचा नेम नाही. एकोणीस टीसी जमल्या. विसावी एका चुणचुणीत पोरीची मिळाली. तिच्या घरी दोन कप चहा पिऊन मी माझं सगळं रडगाणं सांगितलं होतं.

फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"सर, नांदेडला नर्सिंगला नंबर लागला माझा. उद्या शेवटचा दिवस हाय. टीसी लागती."

"टीसी ऑफिसात जमा झाली गं, आता दोन दिवस सुट्टी आहे," असं वाक्य तोंडात तयार होतं. टीसी माझ्या टेबलाच्या खणात होती.

"सर, ऐकताय न्हवं?"

"हाव. सकाळी सातला स्टँडवर ये, घेऊन येतो," म्हणालो आणि स्वतःवरच चिडलो. तोंडात तयार झालेल्या त्या खोट्या वाक्याची आजही लाज वाटते.

सकाळी पोरगी नांदेडच्या गाडीपाशी उभी होती, सोबत आई. टीसी दिली, तशी पोरगी पाया पडली. मग कानकोंडी होऊन म्हणाली, "सर, तुमचे वीस?"

"तू जा. होतील," मी म्हणालो. होणार नव्हते, हे मला माहीत होतं.

पोरगी चढली, गाडी हलली. मीही निघालो, तर मागं राहिलेल्या तिच्या आईनं थांबवलं. हातातल्या पिशवीतून तिनं एक कागद काढला. घड्यांवर पिवळा पडलेला, एका कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेला.

"सर, ही माझी. बारावी झाली अन् लगेच लग्न झालं. पुढं शिकायची लई हौस व्हती. या वयात घेता का हो तुम्ही?"

मी नाव वाचलं, शिक्का पाहिला. डोळे भरून आले, ते लपवायला चष्मा पुसत बसलो.

"घेतो की ताई. पण भूगोलच का?"

"त्या दिवशी तुम्ही नद्यांचं सांगत व्हता, ते पोरीपेक्षा मीच जास्त ऐकत व्हते."

आजवर कितीतरी घरांतून टीसी मागून आणल्या. न मागता कुणी हातात दिलेली ही पहिलीच.