पडद्याआडची तपासणी

परतवाड्याजवळच्या आमच्या उपकेंद्रात सोमवारी गरोदर बायांची तपासणी असते. मी तिथली नर्स. अकोल्याच्या जुन्या शहरात वाढले, त्यामुळे आवाज मोठा आणि धीर कमी. वरून फर्मान आलं, तपासणीचा दर्जा सुधारा. उंटावरून शेळ्या हाकायला कोणाचं काय जातं! बीपीचं मशीन होतं, गोळ्या होत्या, वजनकाटा होता. पण पेशंटचं स्वतःचं बोलणं काही कानावर येत नव्हतं. मी सुनेला विचारायची आणि उत्तर सासू द्यायची. झोप लागते का? "लागते." पाय सुजतात का? "पोटुशीचे सुजतातच."

शेवटी मी घरची जुनी चादर कोपऱ्यात पडदा म्हणून बांधली आणि सांगून टाकलं, आत पेशंट एकटीच येणार. त्याच दिवशी एक सासू आडवी आली. सुनेला आठवा महिना होता.

"काहून वो सिस्टर? माह्यापासून काय चोरून ठेवाचं हाये?"

"काही नाही, आई. तुम्ही बाहेर सावलीत बसा. चहा सांगते."

"मले नाही पायजे चहा," म्हणत ती पडद्याला नाक लावून उभी राहिली. पारा चढला होता माझा, पण राग गिळला.

आत पोरीला बसवलं. मी दंडाला पट्टा बांधला, तेव्हा हळूच म्हणाली, "डोस्कं लय ठणकते. डोयापुढं अंधारी येते."

"घरी सांगितलंस?"

"नाही. म्हनतीन, कामाचा कंटाया करते."

बीपी भलतंच चढलेलं होतं. थोडं थांबून परत घेतलं, तेवढंच. असं अंगावर काढलं तर झटके येतात, आई आणि बाळ दोघंही हातची जातात. लगेच गाडी बोलावून तिला अमरावतीला पाठवलं. गाडीत चढताना सासूनं विचारलं, "तिनं मले काहून नाही सांगतलं वो?"

"विचारलं कोणी?" मी म्हटलं. लागेल असंच म्हटलं.

पोरगी आणि बाळ, दोघंही वाचली. काही आठवड्यांनी सासू-सून बाळाला लस द्यायला आल्या. बाळ सासूच्याच कडेवर होतं. सुई टोचून झाल्यावर तिनं ते सुनेकडे दिलं, "बाहीर सावलीत बस" म्हणाली आणि स्वतः आत येऊन पडदा ओढून घेतला.

माझ्यासमोर बसली. मग म्हणाली, "वावरात वाकलं का माह्यं अंग बाहीर येते. पयल्या बायंतपनापासून."

"अहो आई, गर्भाची पिशवी बाहेर येते, आणि इतकी वर्षं? सांगितलं नाही कोणाला?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"विचारलं कोनी?"