सुतळीनं मोजलेलं यॉर्क

२०२४ साल होतं आणि मला एकाहत्तर वर्षं पूर्ण झाली होती. आमची पोरगी इंग्लंडात, लीड्स शहराजवळ, दवाखान्यात नर्स आहे. उन्हाळ्यात आम्हा नवराबायकोचं तिच्याकडे जायचं ठरलं, विमानाची तिकिटं तिनंच काढली. तेव्हाच मी सांगून टाकलं, की तिथून जवळ यॉर्क नावाचं जुनं शहर आहे, ते दोन दिवस पाहायचं. बेत माझा, खर्चही माझा. पोरगी फक्त सोबत येईल.

व्हिडिओ कॉलवर पोरगी हसली. "बाबा, यॉर्क म्हणजे उमरेड आहे काय, एसटीत बसले न् उतरले?"

"पहिल्यांदा गेलो तवा उमरेडही मले परकंच होतं," मी म्हटलं.

चौथीनंतर शाळा सुटली, पण चाळीस वर्षं मी लकडगंजात आरामशीनवर, ओंडके कापायच्या गिरणीत, लाकूड मोजलं. ओंडक्याभोवती सुतळी फिरवून घेर घ्यायचा, लांबी घ्यायची आणि कागद न लागता घनफूट सांगायचे. शिकलेले मुनीम माझा आकडा पुन्हा करून पाहायचे अन् गप बसायचे. ज्याला लाकूड कळतं त्याला शहर काहून कळू नये?

झेरॉक्सच्या दुकानातून यॉर्कचा नकाशा मोठा करून आणला आणि पलंगावर पसरला. खाली कोपऱ्यात शंभर मीटर दाखवणारी रेघ होती, बरोबर माझ्या एका बोटाच्या रुंदीएवढी लांब. मग काय, सुतळी काढली.

आठ दिवसांत बेत उभा राहिला. गाडी सकाळची गर्दी ओसरल्यावरची, तेव्हा तिकिटाचा भाव उतरतो. मुक्काम कॉलेजच्या होस्टेलात. पोरं सुट्टीत घरी गेली की तिथल्या खोल्या पाहुण्यांना स्वस्तात देतात, हे मी मोबाइलला बोलून विचारलं तेव्हा कळलं. दुपारी नदीकाठी बसून घरच्या तिखट पुऱ्या. रेल्वेची जुनी इंजिनं पाहायला पैसे पडत नाहीत. शहराभोवती दगडी तट आहे, त्यावरून चालायलाही नाहीत. माझा जीव त्या तटावर बसला होता.

खरी अडचण बायकोचा उजवा गुडघा. पोरीनं चाकाच्या खुर्चीचं नाव काढलं, तर ही तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "मले ढकलत नेणार असान तर मी येतच नाही. तुम्ही जा." तिच्याशिवाय मला जायचं नव्हतं. पण हे काही मी तिला सांगितलं नाही. बेतच असा करतो, की तिला खुर्ची लागणार नाही, असं मनाशी धरलं.

बेत पुरा झाला तशी तिला पलंगाजवळ बसवलं. "हा तट. इथून चढाचं, असं फिराचं, इथं उतराचं. सारं मोजलेलं आहे."

तिनं चष्मा लावला. "चढाचं म्हणता. पायऱ्या किती?"

मी तटाच्या रेघेवर बोट फिरवून पायऱ्या शोधल्या.

"सापडल्या काय जी?"

"नकाशात पायऱ्या दिसत नाहीत."

"तुमची सुतळी आडवी चालते. माझा गुडघा चढाले दुखते."

पोरीला फोन लावला. ती म्हणाली, "आहेत ना बाबा, दगडाच्या आहेत. मी सांगणारच होते, पण तुम्हीच म्हणाले बेत माझा."

"झालं," बायको उठली. "मी राहतो घरी."

माझं माप कधी कोणी परत केलं नव्हतं. त्या दिवशी बायकोनं केलं. मी नकाशाची घडी घालून कपाटावर फेकली. संध्याकाळच्या चहापर्यंत राग टिकला. मग कळलं, की ओंडका न पाहताच मी आकडा सांगितला होता. सारं शहर मोजलं, पण चालणारी बाई मोजलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता तिला म्हटलं, "चाल वं, दूध आणू."

"दूध तर घरी येते."

"आज आपण आणू."

सपाट रस्त्यानं तिच्या चालीनं निघालो. तिच्यासोबत चालताना माझं पाऊल दोन फुटांचं पडतं. शेवटी एका चहाटपरीच्या बाकावर ती आपणहून बसली.

"काय मोजून राहिले जी?"

"काही नाही."

"ओठ हलून राहिले तुमचे. किती झाले?"

"अकराशे पावलं."

"मग चहा सांगा. बसली की आणखी अकराशे होतात."

घरी आल्यावर कपाटावरून नकाशा काढला. तटावर पेन्सिलीनं काट मारली. अकराशे पावलं म्हणजे बावीसशे फूट, नकाशावर जवळपास पावणेसात बोटं; तेवढ्यावर सुतळी कापली आणि तो तुकडा स्टेशनपासून नदीच्या काठाकाठानं ठेवत गेलो. जिथं तुकडा संपला, तिथं बायकोनं बोट ठेवलं.

"इथं बसाले पाहिजे," ती म्हणाली.

तिथं बाक आहे का, हे विचारायला पोरीला फोन मीच लावला.