पाठमोरे साडू

अख्ख्या जालना जिल्ह्यात फोटोचा एकच कट्टर वैरी झाला, आणि मंठ्यात फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या माझ्या नशिबी तोच साडू म्हणून आला. ते जवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेचे हेडमास्तर. गरीब मुलांसाठी सरकारकडून किंवा एखाद्या दानशूराकडून जादा मदत आली, की वाटपाच्या कार्यक्रमाला ते मलाच बोलवायचे. घरचा फोटोवाला म्हणजे बिल मागायचं नाही, हे ओघानंच आलं. पण माझी तक्रार बिलाची नव्हती. एक दप्तर चार पाहुण्यांनी धरलंय आणि ज्याला ते मिळायचंय तो पोरगा मधे बावरून कॅमेऱ्याकडे बघतोय, ही आपल्याकडची रीत. आमचे साडू मुलांना कॅमेऱ्याकडे पाठ करून उभं करायचे आणि स्वतःही त्यांच्याच ओळीत पाठमोरे उभे राहायचे. पाहुण्यांनी मात्र कधी कुरकुर केली नाही, कारण त्यांची तोंडं पूर्ण यायची.

एवढ्यानं भागत नसे. दप्तरांवर देणाऱ्याच्या नावासोबत ‘गरजू विद्यार्थ्यांस सप्रेम भेट’ असं ठळक छापलेलं असायचं. साडू ती सगळी दप्तरं घरी न्यायचे आणि अंगणात बसून थिनरच्या बोळ्यानं अक्षरं पुसायचे. माझी मेहुणी सांगायची, त्या दिवसांत घरच्या चहालाही थिनरचा वास येतो. मी एकदा म्हणालो, ‘साडूभाऊ, लोकांनी हौसेनं छापलेलं कशाला पुसता?’ मान वर न करता ते म्हणाले, ‘देणाऱ्याचं नाव ठेवलंय की. घेणाऱ्याचं तेवढं पुसून राह्यलो.’

दिवाळी सरली की त्या गावातली बरीच घरं ऊसतोडीला कारखान्यांकडे निघतात. मुलं सोबत गेली की शाळा सुटलीच. म्हणून आजी-आजोबांजवळ मागे राहणाऱ्या मुलांना शाळेतच दोन वेळचं जेवण मिळावं, यासाठी सरकार जादा पैसे देतं. एका वर्षी वरून निरोप आला, की जेवणाऱ्या मुलांची तोंडं स्पष्ट दिसतील असा फोटो पाठवा, मगच पैसे. त्यातच आदल्या वर्षीच्या जेवणाचा, मोबाईलवर काढलेला एक फोटो कुणीतरी गावाच्या ग्रुपवर टाकला, आणि सहावीतल्या एका मुलीला वर्गातली पोरं ‘फुकटी’ म्हणून चिडवायला लागली. मुलगी हुशार आणि तेवढीच हट्टी. तिनं आईला सांगून टाकलं, ‘मी बी येते तुमच्यासंगं. मोळ्या बांधीन, पण शाळेत जेवायची न्हाई.’ ट्रॅक्टर निघायला फार दिवस उरले नव्हते. तिकडे गेलेली मुलगी पुन्हा वर्गात बसत नाही, हे साडूंनी फार वेळा पाहिलं होतं.

मला फोन आला, ‘साडूभाऊ, सांजच्याला कॅमेरा घेऊन या. आन् घरी जेवू नका.’ जाऊन बघतो तर शाळेच्या पटांगणात गावपंगत. घरोघरून ओंजळभर पीठ आणि डाळ मागून सगळं एकत्र केलेलं. कुठली भाकरी कुणाच्या पिठाची, ते थापणाऱ्या बायांनाही सांगता आलं नसतं. सरपंच मांडी घालून बसलेले, किराणा दुकानदार शेठजींच्या लेकी बसलेल्या, सगळे शिक्षक बसलेले. त्या मुलीला तिच्या आईनं हाताला धरून आणलं होतं आणि साडूंनी स्वतःशेजारी बसवलं होतं. तिनं बराच वेळ ताटाला हात लावला नाही. समोर बसलेल्या सरपंचांनी तिसरी भाकरी घेतली, तेव्हा मात्र तिला राहवेना. ‘काका, तुमचे मायबाप बी उसाला गेले का?’

सरपंच शांतपणे भाकरी मोडत म्हणाले, ‘न्हाई बाई. भूक लागली म्हून आल्तो.’ मुलगी खुदकन हसली आणि जेवायला लागली. मी पंगतीच्या टोकाला जाऊन फोटो काढला. सगळ्यांची तोंडं स्पष्ट.

फोटो बघून तालुक्याच्या शिक्षण खात्यातल्या साहेबांनी साडूंना विचारलं, ‘यातले लाभार्थी कोणते?’ साडू म्हणाले, ‘तुम्हीच बराबर वळखून दाखवा, साहेब. मला तर वळखू येत न्हाईत.’ साहेब भला माणूस होता. त्यांनी शाळेत येऊन हजेरी तपासली आणि फोटो तसाच पुढे पाठवला. ट्रॅक्टर गेला, मुलगी आजीजवळ राहिली.

साडू गेल्या वर्षी वारले. भिंतीवर लावायला फोटो हवा होता, आणि तो देणार मीच. दुकानातले सगळे जुने फोटो उपसले, तर जिकडेतिकडे साडूंची पाठ. तोंड सापडलं ते फक्त त्या पंगतीत, तेही घासानं एक गाल फुगलेलं. तेवढंच कापून मोठं केलं. हार घातलेला नवरा भाकरी खाताना पाहून मेहुणी रडता रडता हसली. मला हसू आलं नाही. ज्या माणसाला जन्मभर नावं ठेवली, त्याच्यावाचून आता वाटपाच्या कार्यक्रमांना जावंसं वाटत नाही.

परवा ती मुलगी मेहुणीला भेटायला आली, तेव्हा मी तिथंच होतो. जालन्याला नर्सिंग शिकते आता. तिनं फोटो जवळ जाऊन बघितला आणि मला म्हणाली, ‘काका, सरांना एकट्यालाच का जेवायला बसवलं? शेजारी मी होते ना.’

मी म्हणालो, ‘तुझं तोंड भिंतीवर लावलेलं सरांना चाललं असतं का?’

‘तव्हाची गोष्ट तव्हा,’ ती म्हणाली. ‘आता दिसू द्या.’

मी दुकानात जाऊन पूर्ण पंगतीचा मोठा फोटो काढून आणला. आता मेहुणीच्या भिंतीवर सरपंच, शेठजींच्या लेकी, ती मुलगी आणि साडू असे सगळे जेवायला बसलेत. मेहुणीनं जुना हार हातात घेतला आणि परत ठेवून दिला. जिवंत माणसांच्या फोटोला हार घालत नाहीत.