सव्वा तासावरचं डिंभे

नागपूरहून सकाळी विमान सुटलं. शेजारच्या बाईंचा पेपर वाचून होईतो खाली पुणं दिसू लागलं. हवेतून सहाशेच्या आसपास किलोमीटर, वेळ सव्वा तास. आई गेली तेव्हा हेच अंतर तोडायला मला रेल्वे आणि एसटी मिळून दीड दिवस लागला होता. पोहोचलो तेव्हा चिता विझली होती. "एवढी काय घाई होती?" असं मी धाकट्या भावाला, म्हादूला, चारचौघांत विचारलं. तो माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आला. पुढं आमचं बोलणं सणासुदीपुरतंच उरलं.

यंदा त्यानंच फोन केला. "दादा, गुडघं चालत न्हाईत. मेंढरं इकतोय. एकदा बघून जा."

पुणे ते घोडेगाव दोन गाड्या बदलल्या. मंचरपुढं दोन्हीकडं ऊस. लहानपणी आम्ही याच वाटेनं वडिलांमागं कळप हाकत जायचो. घोडेगावात आमच्या डिंभ्याची एसटी आलीच नाही. शेवटी जुन्नरच्या अब्बासभाईंनी टेम्पोत जागा दिली. गावोगाव बांगड्या विकणारा माणूस. आईच्या हातातल्या हिरव्या बांगड्या त्यांच्याकडच्याच.

"तुमी म्हादूचे नागपूरचे भाऊ का?" त्यांनी विचारलं. "तुमची आई गेली, त्या दिशी मी डिंभ्याच्या स्टँडवरच व्हतो. म्हादू दर एसटीला दारापाशी जाऊन बघायचा. माणसं बोलवायला आली, तरी उठंना. दिवस मावळला, तवा त्याला धरून नेला."

मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी बाहेरच्या डिंभे धरणाच्या पाण्याकडं बघत राहिलो.

घरी म्हादूच्या बायकोनं माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) केलं होतं. चव अगदी आईच्या हातच्यासारखी होती. जेवण झाल्यावर म्हादू मला वाड्यात (मेंढ्या कोंडायच्या कुंपणात) घेऊन गेला. एकेका मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत तो तिची आई, आजी सांगत होता.

"म्हादू, तू स्टँडवर बसला होतास?"

तो खाली बघत म्हणाला, "बसणार न्हाई तर काय?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू लई रडत व्हतास, दादा."

मी त्याचा हात धरला. त्या दिवशी मागायची माफी मी इतक्या वर्षांनी मागितली. दुसऱ्या दिवशी व्यापारी मेंढ्या घेऊन गेला, तेव्हा आम्ही दोघं वाटेच्या वळणापर्यंत कळपामागं चालत गेलो.

मी नको म्हणत असतानाही तो मला सोडायला पुण्याच्या विमानतळापर्यंत आला. नागपूरला उतरताच त्याला फोन लावला.

"पोचलास बी?" तो हसला. "मी आजून मंचरच्या स्टँडवरच हाय. गाडीचा पत्ता न्हाई."

विमानानं अंतर कमी केलं, हे खरं. पण सव्वा तासाची वाट मी इतकी वर्षं उगाच लांब करून ठेवली होती. बाहेर टॅक्सीवाले हाका मारत होते. मी तिथल्याच एका बाकावर बसलो आणि फोन चालू ठेवला. वडिलांच्या, मेंढरांच्या, कशाकशाच्या गोष्टी निघाल्या.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "आली बघ गाडी. ठिवतो."

मग मी उठलो.